चंद्रव्वाचं पान

रत्नदीपनं आपल्या कामाच्या ऑनलाइन पोर्टफोलिओची लिंक व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकली. मूर्खपणा, दुसरं काय. ॲप वापरताना माणूस कुठं अडतो ते बघून स्क्रीन आखायची, हे त्याचं काम. श्रीपूरच्या ऊसतोड कामगारांसाठी त्यानं एक ॲप आखलं होतं. मोळी बांधली की ज्यानं त्यानं अंगठ्यानं हिरवं बटण दाबायचं, म्हणजे मुकादमाला मोजणीत लबाडी करता येत नाही. पोर्टफोलिओतलं सगळ्यात देखणं पान तिथल्या टोळीत ऊस तोडणाऱ्या मैंदर्गीच्या चंद्रव्वाचं होतं. तिचा फोटो, नाव, बटणावरचा अंगठा आणि खाली तिचंच वाक्य, ‘मुकादम मोळ्या खातो.’

त्याला टोळीत नेलं होतं ते मानसिंग मुकादमानंच. त्याचा नंबर अजून फोनमध्ये आहे, म्हणजे स्टेटस त्यालाही दिसणार, हे या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याच्या कंपनीची व्हिडिओवर मुलाखत होती. सोलापुरातल्या आपल्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून तो बसला होता, तेवढ्यात मानसिंग आत आला आणि त्यानं कडी लावली. पहिल्या फटक्यात रत्नदीपचं डोकं भिंतीवर आपटलं, दुसऱ्यात ओठ फाटला. खाली पडला तशा बरगड्यांत लाथा बसू लागल्या.

“माझ्या ताटात जेवलास, आन् मलाच चोर केलास व्हय?”

“मुकादम, तिची चूक न्हाय. मी विचारलं म्हणून बोलली ती.”

“तिला इचारलं की म्या. बटन दाबणारा अंगठा कोयत्याच्या मुठीनं ठेचलाय. आता ऊस धरून दाखवू दे.” मानसिंगनं त्याला केसाला धरून लॅपटॉपसमोर बसवलं. “काढ ते पान. परत दिसलं तर तिचा दुसरा हात.”

रत्नदीपनं पान काढून टाकलं. त्याला स्वतःचीच किळस आली. मानसिंग गेला आणि मुलाखतीचा कॉल वाजला. त्यानं कॅमेरा बंदच ठेवला.

“ते ऊसतोडीचं पान दिसत नाहीये,” मुलाखत घेणाऱ्या तेजश्री मॅडम म्हणाल्या. “खरं सांगू का, त्या पानासाठीच तुम्हाला बोलावलंय. बाकीचं काम साधारण आहे. तुमच्याकडे कॉपी असेल ना?”

कॉपी होती. एक क्लिक, आणि नोकरी जवळजवळ हातात.

“ते मी दाखवणार नाही, मॅडम.”

“बरं. मग एवढंच सांगा, तुमच्या कामानं त्या बाईंच्या आयुष्यात काय फरक पडला?”

रत्नदीपनं कॅमेरा चालू केला. रक्त हनुवटीवरून शर्टावर उतरलं होतं.

“तिचा अंगठा गेला,” तो म्हणाला.

पलीकडून कुणी बोलायच्या आत त्यानं लॅपटॉप मिटला आणि श्रीपूरची एसटी धरायला निघाला.