आत्याची सही

"वकीलबाई, एकदा दिलेलं मुखत्यारपत्र परत घेता येतं का?"

शाळेत कायद्याची माहिती द्यायला आलेल्या वकीलबाईंना मोठ्यांसारखा प्रश्न विचारून दाखव, अशी दहावीतल्या एका मुलीशी तिच्या मैत्रिणींनी पैज लावली होती. वर्गात खसखस पिकली. तिला मात्र हसू आलं नाही. सोमवारी आत्याचं शिवणकामाचं दुकान भाड्याने जाणार होतं, आणि आत्याला ते मुळीच नको होतं.

वर्षापूर्वी पाय मोडला तेव्हा आत्याने आपल्या वतीने सह्या करायचा अधिकार बाबांना, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या भावाला, लिहून दिला. पाय बरा झाला, पण अधिकार बाबांकडेच राहिला, आणि त्याच अधिकारावर ते आता दुकान भाड्याने देत होते. "तू आराम कर, मी बघतो," हे त्यांचं पालुपद! शेवटी वैतागून आत्याने जवळची झेरॉक्स टराटरा फाडली आणि समजली, संपलं एकदाचं.

"झेरॉक्स फाडून काही होत नाही गं," सगळं ऐकून वकीलबाई म्हणाल्या. "लेखी रद्द करायचं, त्याचीही नोंदणी करायची आणि ज्याला अधिकार दिला त्याला कळवायचं."

"पण माझे बाबा वाईट नाहीत हो."

"कोण म्हणतं वाईट? पाय बरा झाला की कुबडी बाजूला ठेवतो. त्यात कुबडीचा अपमान कसला?"

हे तिने जसंच्या तसं आत्याला सांगितलं. शुक्रवारी दोघी नोंदणी कार्यालयात जाऊन आल्या आणि संध्याकाळी आत्याने बाबांसमोर कागद ठेवला.

"सख्ख्या भावाला नोटीस?" बाबांचा चेहरा उतरला.

"दादा, तू माझं खूप केलंस. पण दुकानाचं काय करायचं, हे मला एकदाही विचारलं नाहीस."

बाबांनी उठून कपाटातला मूळ कागद आत्याच्या हातात दिला आणि भाडेकरूला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

"खरं सांगू? तुझ्या गिऱ्हाइकांनी माझा जीव खाल्ला होता. 'ब्लाउज कधी?' 'ब्लाउज कधी?' सुटलो बाई."

आत्या इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

तुमच्या-आमच्याही घरात असं होतं ना? अडचणीत हात देतो आणि मग सोडायचं विसरतो. आधार देणं वेगळं, दुसऱ्याचं आयुष्य चालवणं वेगळं.

त्याच संध्याकाळी, आईही येऊन बसली तेव्हा, तिने घसा खाकरला. "आई, बाबा, पुढच्या वर्षीचे विषय मीच निवडणार आहे. सल्ला द्या, हवा तेवढा द्या. पण फॉर्म मी भरणार."