वरच्या गल्लीचं पाणी

यंत्र केकाटलं तेव्हा म्हातारीने आधी सिस्टरकडे डोळे वटारले. चूक झालीच तर हिचीच असणार. पण रक्ताच्या नळीवरचा चिमटा नवऱ्यानेच मोकळ्या हाताने दाबला होता, आणि चेहऱ्यावर काम चोख उरकल्याचं समाधान होतं.

"झाली वेळ," तो म्हणाला. "खालच्या गल्लीचं बंद."

चौतीस वर्षं त्याने गावाला पाणी सोडलं. खांद्यावर लोखंडी चावी टाकून गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह फिरवले. एक मिनिट इकडचं तिकडे नाही. आता त्यालाच दिवसाला मोजून चार पेले पाणी, आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसची ही खाट.

सिस्टरने चिमटा सोडवला. आठवड्यातली ही तिसरी खेप, आता हा हात बांधावाच लागेल, ती म्हणाली. उद्या सुई उपसली तर काय घ्या. डॉक्टर आले. घरीही विसरतात का, त्यांनी विचारलं.

हा प्रश्न म्हातारीने सहा महिने उंबऱ्याबाहेर उभा ठेवला होता. डॉक्टरांनी नवऱ्याला वार विचारला की उत्तर हिचं तयार. सुनेने विषय काढला, तर "ते विसरत नाहीत, तुझ्याकडे लक्ष देत नाहीत," म्हणून तिला गप्प केलं होतं.

सिस्टरने पट्टी आणली. काही देताहेत असं वाटून त्याने आपणहून हात पुढे केला.

"विसरतात," म्हातारी म्हणाली. "सदऱ्याची बटणं लावायची विसरतात. परवा स्वतःच्या दारात उभं राहून, कुणाचं घर म्हणून विचारत होते."

डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडं थकली की मेंदूवरही ताण येतो, या वयात पुष्कळांचं होतं. तपासू. यात लपवायचं काय?

"लपवलंय कुणी?" ती सवयीने म्हणाली. मग आवाज खाली आला. "हात बांधू नका. मी बसते."

ती स्टूल ओढून बसली. अर्ध्या तासाने त्याचा हात पुन्हा चिमट्याकडे निघाला.

"अहो," ती म्हणाली, "वरच्या गल्लीला अजून पोचलं नाही."

बोटं थबकली. वरची गल्ली म्हणजे त्यांचीच. गावाची पिंपं वाहतात नि आमचा नळ खोकतो, म्हणून तिने जन्मभर त्याला सोलून काढलं होतं. त्याने एक मिनिट वाढवून दिलं नव्हतं.

तो तिच्याकडे बघत राहिला. तिला 'अगं'शिवाय कधी हाक न मारणारा तो माणूस अदबीने म्हणाला,

"बाई, तुमच्याकडे आलं का पाणी?"

जिभेवर आलेलं तिने गिळलं.

"येतंय," ती म्हणाली. "धार बारीक आहे, पण येतंय."

तेव्हा कुठे त्याने हात मागे घेतला.