दोन तपासनीस

बू सुलास्त्री, म्हणजे सुलास्त्रीबाई, पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनने मेल्या. त्यांची अ‍ॅलर्जी आमच्या अ‍ॅपमध्ये नोंदलेली होती, तरी अ‍ॅपने हिरवं, म्हणजे ‘द्या’, असं दाखवलं. इंडोनेशियातल्या सुराबायाच्या त्या हॉस्पिटलने इंजेक्शन देणाऱ्या नर्स रात्मीला घरी बसवलं आणि आमच्या कंपनीकडे एक पान मागितलं. अ‍ॅप नीट चालत होतं, एवढंच त्यात हवं होतं. ते पान मी लिहायचं होतं.

जावा या संगणकी भाषेत लिहिलेल्या आमच्या अ‍ॅपची रीत अशी, की कोडने हवी ती वस्तू स्वतः बनवायची नाही. ‘तपासनीस हवा’ म्हणायचं, चौकट, म्हणजे फ्रेमवर्क, तो आणून हातात ठेवते. कोणता, ते चौकट ठरवते. खरा तपासनीस म्हणजे औषध देण्याआधी अ‍ॅलर्जीची यादी बघणारा कोडचा तुकडा. हॉस्पिटलने यादीची जोडणी वेळेवर दिली नाही, म्हणून चाचणीपुरता मी एक खोटाही लिहिला होता. त्याचं नाव गमतीने ‘सियाप’ ठेवलं. आमच्याकडे साहेबाने काहीही सांगितलं की तोंडातून ‘सियाप, पाक’ निघतं. तयार आहे, साहेब. काम झालेलं नसलं तरी. हा तपासनीसही तसलाच, कुठलंही औषध विचारा, चालेल म्हणणारा.

उद्घाटनाच्या सकाळी अ‍ॅप सुरूच होईना. चौकट सांगत होती, एक हवा होता, दोन सापडले. खरा निवडावा तर जोडणी अजून आलेलीच नव्हती. पाक गुनार्सो, माझे साहेब, खुर्चीमागे उभे. होईल ना, म्हणून विचारलं. मी सियाप म्हणालो आणि खोट्यावर एक शब्द टाकला: पहिला मान याचा. अ‍ॅप चालू झालं. शुभारंभाचा पिवळ्या भाताचा डोंगर, तुंपेंग, कापला, फोटो निघाले. जोडणी आली की शब्द काढतो, असं मी सांगितलं होतं. आठवड्याने जोडणी आली. त्याला आठ महिने झाले, शब्द तिथेच राहिला.

पाक गुनार्सोंनी मला खोलीत बोलावून दार लावलं. आवाज चढवला नाही. आमच्या ऑफिसात माणसाला हसत हसतच बुडवतात.

“नर्सने बाईंच्या हातावरचा अ‍ॅलर्जीचा लाल पट्टा बघायला हवा होता ना, प्रासोजो? तेवढं लिही.”

“पाक, अ‍ॅपने खोटं सांगितलं.”

“कोडच्या त्या ओळीवर नाव कुणाचं आहे? तुलाच वाचवतोय, गाढवा.”

मी पान कोरं ठेवून रात्मीच्या घरी गेलो. तिने गोड चहा दिला. पट्टा तिने बघितला होता, सुई हातात धरून थांबलीही होती. डॉक्टर दारात घाई करत होते.

“मी अ‍ॅपवर दोनदा दाबलं, मास.” आमच्याकडे दादाला मास म्हणतात. “दोन्ही वेळा हिरवं. मग वाटलं, पट्टाच चुकून बांधला असेल.”

मी तिला तो शब्द कुणी टाकला ते सांगितलं. शिव्या खायची तयारी करून आलो होतो. तिने फक्त विचारलं, हे हॉस्पिटलच्या चौकशी समितीसमोर बोलाल का.

बोललो. ओळ दाखवली, तारीख दाखवली, त्या सकाळी मागे कोण उभं होतं तेही सांगितलं. पाक गुनार्सो मान हलवत राहिले, आजारी माणसाकडे बघून हलवतात तशी. घाई करणारे डॉक्टर फोनमध्ये बघत होते. त्यांना एकही प्रश्न विचारला गेला नाही. मला कंपनीने तिथेच काढलं. रात्मीबद्दल ठरलं, की पोलिसात तक्रार करायची नाही, पण कामावरही घ्यायचं नाही. रुग्णांचा विश्वास म्हणे. हिरवं दाखवणारं अ‍ॅप मात्र दुरुस्त करून ठेवणार होते.

पायऱ्यांवर रात्मीने गळ्यातलं ओळखपत्र काढून पर्समध्ये टाकलं.

“त्या दिवशी डॉक्टरांना ‘थांबा’ म्हटलं असतं तर?”

“उद्धट म्हणून काढलं असतं तुला.”

“म्हणजे नोकरी तशीही गेलीच असती,” ती म्हणाली. “बाई तरी जगली असती.”