हॉस्पिटलच्या दारातील संशयी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. हॉस्पिटलच्या मुख्य दारातून आत शिरले, की डाव्या हाताला मी उभी असते. स्वभावाने मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. कोणी माझ्याकडे पाहून गोड हसले, की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते.

जन्मतः मी अशी नव्हते. एका लहानशा कारखान्यात लोखंडी पाइप वाकवून मला घडवले. वेल्डिंग करणारा कारागीर आधी स्वतः माझ्यावर बसला आणि पायांनी जमीन रेटत त्याने कारखानाभर चक्कर मारली. मग मी इथे आले. तेव्हा हे हॉस्पिटल एकमजली होते. मोठे डॉक्टर प्रत्येक पेशंटला आधी चालायला लावत आणि चालता आले, तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "मग हिला कशाला त्रास?" त्यामुळे मी बराच वेळ रिकामी असे. पण ज्याला खरोखरच उचलून आणलेले असे, तो माझ्यावर टेकला की त्याच्या घरच्यांचा जीव भांड्यात पडे. तेवढे कौतुक मला पुरत होते.

पुढे मोठे डॉक्टर थकले. इमारतीवर मजले चढले, काचेचे दार आले आणि तळघरात माणसाला आरपार पाहणारी यंत्रे आली. यंत्रांबरोबर त्यांचे हप्तेही आले. लिफ्टमध्ये दोन साहेब बोलताना मी ऐकले, की खालचे मोठे यंत्र दुपारी रिकामे बसते आणि ते परवडण्यासारखे नाही. मी वर्षानुवर्षे रिकामी बसले, तेव्हा कोणाची झोप उडाली नव्हती. त्याच सुमारास नियम निघाला, की दारात कोणी जरा थबकले तरी त्याला खुर्ची द्यायची. नियम मायेचा होता, तरीही मला वाटले, इथे कुठेतरी पाणी मुरते आहे. कारण माणूस माझ्यावर बसला, की सगळे त्याच्या डोक्यावरून बोलू लागतात आणि तो स्वतः काही विचारेनासा होतो.

एका सकाळी एक वयस्कर जोडपे आले. काका शिंपी होते आणि काकू त्यांच्या कपड्यांना काजे-बटणे करायच्या. काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. विम्याचा हप्ता दर वर्षी वाढत गेला, म्हणून त्यांनी विमा सोडला होता आणि ऑपरेशनसाठी पैसे बाजूला ठेवले होते. त्या दिवशी फक्त तारीख घ्यायची होती. काकूंना डोळ्यांच्या विभागापुढे बसवून काका दाराशी परत आले आणि बुटाची नाडी बांधायला माझ्यावर टेकले. पोट सुटलेला माणूस वाकला, की थोडा धापा टाकणारच.

ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते वॉर्डबॉय लगेच धावले. "काका, दम लागलाय का?"

"लागलाय जरासा," काका म्हणाले. समोरच्याला नाही म्हणणे त्यांना कधी जमलेच नसावे.

मामांनी माझा ब्रेक काढला. आम्ही काकूंच्या अगदी समोरून गेलो. त्यांनी वाट द्यायला पाय आत घेतले आणि शेजारणीला म्हणाल्या, "बिचारा, कुणाचा तरी माणूस दिसतोय." काकांनी संकोचाने हाकसुद्धा मारली नाही.

तपासणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंचा चेहरा मी बारकाईने न्याहाळला. लबाडी शोधत होते, पण दिसली ती भीती. छातीच्या ईसीजीच्या पट्टीत एक रेघ किंचित वाकडी होती. ती वयामुळेही असू शकते, असे त्याच म्हणाल्या. पण एक तपासणी राहून गेली म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याला कोर्टात खेचले गेले होते, म्हणून त्यांनी आणखी एक तपासणी लिहिली. तिच्यात एक अंधुक डाग निघाला. तो नीट पाहायला तळघरातले मोठे यंत्र हवे होते. तेवढ्यात काकांचा मुलगा कामावरून धावत आला आणि म्हणाला, "पैशांकडे बघू नका, काय असेल ते सगळं करून टाका." बापावरची माया होती ती, तिला काय नावे ठेवणार? प्रत्येक जण एकच पाऊल पुढे टाकत होता. एखादा चोर सापडला असता, तर माझ्या संशयाला निदान बसायला जागा मिळाली असती.

काका दोन रात्री राहिले. घाबरण्यासारखे काही नाही, असा निर्वाळा मिळाला आणि सगळ्यांना हायसे वाटले. डोळ्यांचे पैसे त्यातच गेले. "माझे डोळे कुठे पळून चाललेत?" काकू म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बघू."

नंतर नव्या खुर्च्या आल्या आणि मी जिन्याखाली धूळ खात पडले. एक दिवस मामांनी मला घाईघाईने ओढून काढले. बाहेर गाडीत काकू होत्या. घरचाच जिना उतरताना शेवटची पायरी त्यांना दिसली नाही आणि खुब्याचे हाड मोडले. काकांनी मामांना हात लावू दिला नाही, मला ते स्वतः ढकलू लागले.

"हळू चला," वेदनेतही काकू म्हणाल्या. "तुम्हाला दम लागेल."

"मला काही होत नाही. माझं हृदय ठणठणीत आहे," काका म्हणाले आणि रडू लागले.

तपासण्यांची चिठ्ठी आली, तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदाच विचारले, "ही कशासाठी? आणि ही?" डॉक्टरीणबाईंनी एकेक समजावून सांगितली आणि एक स्वतःच खोडली. त्यांना राग आला नाही. उलट कोणीतरी विचारल्यामुळे बरे वाटल्यासारखे दिसले. मला मात्र फार वाईट वाटले, कारण हे विचारायला त्या पहिल्या सकाळीही कोणाची बंदी नव्हती.

मित्रांनो, माझ्या चाकांना वेळेवर तेल द्या. छातीत दुखत असेल, तर न लाजता माझ्यावर बसा. पण बसल्यावर तोंड मिटून घेऊ नका. कुठे नेता आणि कशासाठी, हे विचारा आणि ज्याला माझी खरी गरज आहे, त्याच्यासाठी मला मोकळी ठेवा. त्या दिवसापासून मी पुन्हा दाराशी उभी असते आणि काकू अजून व्यायामासाठी येतात. हाड जुळले आहे, डोळ्यांची तारीख अजून घ्यायची आहे. तोवर काका मला ढकलताना वाटेत काय काय दिसते, ते त्यांना सांगत असतात.