मूळ पत्रा

बारकीला सगळे बारकी म्हणत, कारण ती बारकी होती. यात तिचा काडीचाही दोष नव्हता, पण या एकाच गुणापायी तिच्या आयुष्याची अकरा वर्षं विमानाच्या शेपटीत गेली.

विमान युद्धातलं. एका तळ्याच्या गाळात नाक खुपसून साठ वर्षं पडून होतं. तिच्या दादाने ते शोधलं, वर काढलं, शेडमध्ये आणलं आणि पहिल्यासारखं उभं करायचं डोक्यात घेतलं. शेपटी इतकी चिंचोळी की आत धड माणूस मावेना. "दोन महिने ये फक्त," दादा म्हणाला होता. पत्र्याचं काम तिला त्यानेच शिकवलेलं, नाही कशी म्हणणार? दोन महिन्यांचं काम अकरा वर्षं चिकटलं.

रिव्हेट मारायला दोघं लागतात. बाहेरचा हवेच्या बंदुकीने ठोकतो आणि आतला मागून लोखंडी ठोकळा दाबून धरतो, म्हणजे रिव्हेटचं टोक चेपून पत्रा आवळला जातो. बाहेरच्याचं नाव होतं, आतल्याचं मनगट सुजतं. बंदुकीच्या कडकडाटात बोलण्यात अर्थ नसतो, म्हणून आतून टकटक करायची. एकदा म्हणजे अजून मार, दोनदा म्हणजे बसला, पुढे चल. दादा आणि बारकी दिवसचे दिवस असेच बोलत. खरं सांगायचं तर इतर वेळीही त्यांचं बोलणं याहून फार वेगळं नव्हतं.

आज शेपटीचा शेवटचा पत्रा बसत होता आणि तो मूळ होता. बाकीचे कुजून गेले, नवे करावे लागले. हा एकच गाळातून जसाच्या तसा निघाला. त्यावर अर्धवट पुसलेला विमानाचा आकडा होता आणि आकड्याखाली कुणीतरी खिळ्याने मारलेल्या पाच रेघा. बारकीने दात घासायच्या ब्रशने दोन वर्षं त्याचा गाळ काढला होता. दादाचा नियम होता, मूळ पत्र्याला ओरखडासुद्धा नको. जवळ जायचं तर आधी अंगठी काढून ठेवायची. वहिनी म्हणायची, "मी पत्र्याची असते तर माझंही बरं चाललं असतं."

एकशे चौसष्टावा, शेवटचा रिव्हेट बसला. बारकीने दोनदा टकटक केली, ठोकळा मांडीवर ठेवला आणि दिवा हातात घेऊन नेहमीच्या वाटेने पुढे सरपटली. वाट म्हणजे पायलटच्या खुर्चीमागची फट. धुळीसाठी लावलेलं कापड तिने बाजूला केलं आणि तिचं कपाळ थेट पत्र्यावर आपटलं.

तिथे पेट्रोलची टाकी होती. नवीकोरी, रिकामी, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

काल दुपारी शेडमधल्या फिटरने ती बसवली होती, आणि काल दुपारी बारकी नव्हती. दात दुखतोय म्हणून सुट्टी घेऊन ती दुसऱ्या गावच्या प्रशिक्षण शाळेत मुलाखत देऊन आली होती. आज सकाळी शेपटीच्या उघड्या बाजूने आत शिरली, ती बाजू आता बंद झाली होती. पत्रा तिनेच धरला होता, दादाने मारला होता. दोघांनी मिळून, एकेक करून, एकशे चौसष्ट.

"दादा!" ती ओरडली. आतलं बाहेर जायला ओरडावंच लागे. "पुढून टाकी लावलीय!"

बाहेर पावलं थांबली. मग फिटरचा आवाज आला, "अरे देवा. बाईंना पॅक केलं आपण!"

दादा हसला नाही. तो पत्र्याजवळ आला आणि म्हणाला, "मग रोज तू बाहेर कशी येतेस?"

बारकीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. टाकी त्यानेच सांगून बसवून घेतली होती. पण टाकी त्या फटीत बसते आणि फटीतून बहीण येते, या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात कधी शेजारी बसल्याच नव्हत्या. अकरा वर्षं ती संध्याकाळी त्याच्यासमोर चहा घ्यायला उभी राहायची, एवढंच त्याला ठाऊक. तिला रडू आलं नाही, राग आला. आणि त्या जागेत रागाने हातपाय झाडायचीही सोय नव्हती.

"पत्रा काढ," ती म्हणाली. "तासाभराचं काम आहे."

"वेडी आहेस का? ड्रिल लावलं की भोकं मोठी होतात. साठ वर्षं पाण्यात होता तो, कड फाटेल. टाकी काढतो ना. रात्री आठपर्यंत मोकळी होशील."

इकडे आड, तिकडे विहीर. गुडघे छातीशी घेऊन बारकी सांगाड्याच्या दोन फासळ्यांमध्ये बसली. तहान लागली होती. भिंतीवरचं घड्याळ तिला दिसत नव्हतं, पण जेवणाची सुट्टी होऊन गेली होती. शाळेच्या मुख्याध्यापक बाईंनी काल स्वच्छ सांगितलं होतं, उद्या चारपर्यंत फोन करून हो म्हणा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. फोन बाहेर, टेबलावरच्या ट्रेमध्ये. शेपटीत शिरताना खिसे रिकामे करायचे, हाही दादाचाच नियम.

तिने ठरवलं होतं, शेवटचा पत्रा बसवून देऊ, मग जेवताना शांतपणे सांगू. काम अर्धवट टाकून गेली असं कुणी म्हणायला नको. चांगुलपणा नको तिथे नडतो तो असा.

"दादा, मी काल दाताला गेले नव्हते," ती ओरडली. आणि मग सगळं ओरडूनच सांगावं लागलं: शाळा, पत्र्याचं काम शिकवायची नोकरी, एक तारीख, आज चारची मुदत. जन्मात एवढ्या मोठ्याने ती दादाशी बोलली नव्हती.

बाहेर बंदूक खाली ठेवल्याचा आवाज आला.

"पुढच्या वर्षी पंख आहेत," दादा म्हणाला.

"पंखांना दुसरं कुणीतरी बघ. माझा फोन घे, बाईंना लाव. सांग, बहीण एक तारखेला येतेय."

फोन पत्र्याला लावून धर, मी बोलते, असंही तिला म्हणता आलं असतं. पण तिला ते त्याच्या तोंडून हवं होतं. त्याने एकदा म्हटलं की त्याचाही होकार झाला, मग घरी वाद उरणार नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. भावाशी भांडून जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

पावलं टेबलाकडे गेली. फिटर टाकी खोलायला कुठेतरी पाने शोधत होता. पत्र्याला कान लावला की शेडमधलं सगळं आत ऐकू येई. ती सवयीने टेकली.

"नमस्कार," दादा म्हणाला. "मी तिचा मोठा भाऊ. हो. नाही, तिला फोनवर येता येणार नाही, कामात आहे ती." मग थोडं थांबून, हळू आवाजात, "नाही म्हणतेय. हो, विचार करूनच. इथलं सोडवत नाही तिला."

पावलं परत आली. "लाईन लागत नाही गं," त्याने पत्र्याजवळ येऊन सांगितलं. आवाज अगदी मायेचा होता. "टाकी निघाली की तूच बोल."

बारकीने मांडीवरचा ठोकळा उचलला. पत्र्याच्या आतल्या अंगाला हात लावून पाच रेघांची जागा शोधली. ती तिला अंधारातही सापडली असती. हा पत्रा जगात सगळ्यात जास्त कुणी जपला असेल तर तिने. मग दोन्ही हातांनी, होता नव्हता तेवढा जोर लावून, तिने तिथेच ठोकळा घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला पत्रा टरकला.

"अगं! अगं, काय करतेस!" दादा किंचाळला. फिटरच्या हातातला पाना खाली पडला.

"आता काढावाच लागेल," ती म्हणाली. तिला धाप लागली होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. पत्र्यासाठीसुद्धा येत होतं.

दादाने बाहेरून त्या चिरेवर तळहात ठेवला असावा, कारण आतला अंधार थोडा वाढला. मग त्याने विचारलं, "आत ऐकू येतं?"

"पहिल्या दिवसापासून, दादा. सगळं."

फिटर पुढे आला, तर "राहू दे, मी करतो," एवढं दादा त्याला म्हणाला. मग ड्रिल सुरू झालं. पहिला रिव्हेट चटका देत तिच्या मांडीवर पडला. तिने तो तिथेच राहू दिला आणि किती वाजले म्हणून ओरडून विचारलं.