आम्ही ठरवलंय

"आपण पुसून घेऊ पटकन," नवरा म्हणाला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवून बसला.

मागच्या सीटवर धाकट्याने सकाळचं सगळं दूध आईच्या मांडीवर ओकलं होतं. ती दोन्ही मुलांच्या मध्ये अंग चोरून बसली होती. पुढच्या सीटवर सासूबाईंसाठी घेतलेला मिक्सर ऐसपैस बसला होता, पट्टासुद्धा लावून. गाडी कडेला थांबली. तिने पोराचे कपडे बदलले, सीट पुसली, शेवटी स्वतःची ओढणी. नवऱ्याने काच खाली करून वास बाहेर जायला वाट दिली.

त्याच्या या 'आपण'मध्ये आपण एकट्याच असतो, हे लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिच्या लक्षात आलं होतं. आपण बॅगा भरू. आपण थोरलीचा अभ्यास घेऊ. लक्षात आल्यावरही ती काही बोलली नव्हती. राग आला की ती भांडंभर पाणी प्यायची आणि कामाला लागायची.

गाडी पुन्हा रस्त्याला लागली. अजून निम्माही पल्ला झाला नव्हता. थोरली बाहुलीच्या दंडाला रबरबँड बांधून रक्त काढायचा खेळ खेळत होती. आई रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात तेच काम करायची. तिथली पोरं तिला सुईमावशी म्हणत.

"आई, आता तुझी खरी सुई कोणाला देणार?"

"कोणाला कशाला? मलाच लागते ती."

"पण तू तर आता घरीच राहणार ना? मी शाळेतून आले की तूच दार उघडणार. मग शेजारच्या काकूंकडे बसायला नको."

"कोणी सांगितलं तुला?"

"पप्पा म्हणाले ना फोनवर, हेडसिस्टरना. आम्ही ठरवलंय म्हणाले."

आरशात नवऱ्याचे डोळे तिला दिसले आणि लगेच रस्त्याकडे वळले.

"काय ठरवलंय आम्ही?" तिने विचारलं. आवाज नेहमीसारखाच हळू.

"अगं, आईकडे पोचल्यावर निवांत सांगणारच होतो."

"आता सांगा."

"मुलांचे हाल होतात गं. आणि तूच म्हणालीस ना परवा, कंटाळा आला म्हणून?"

"कंटाळा मला भांडी घासायचाही येतो. ती कुठे सुटली?"

"मुलांसमोर नको."

"मुलांना माझ्याआधी कळलंय."

रोज सकाळी हात जोडताना ती देवाकडे एकच मागायची: आज एकाही पोराला दुसऱ्यांदा टोचायला लागू नये. घरासाठी मागायचं कधीकधी राहून जायचं, हे मागणं मात्र नाही. आणि ते सगळं या माणसाने दोन वाक्यांत आवरून टाकलं होतं.

तिला स्वतःचीही चीड आली. रजा मागायची म्हटली की तिची जीभ जड व्हायची. "तुम्हीच सांगा ना" म्हणत ती फोन याच्या हातात द्यायची. हेडसिस्टरना त्याच्या आवाजाची सवयच झाली होती. रजा मागणाऱ्या त्याच आवाजाने या खेपेला तिची नोकरी सोडून दिली, आणि त्यात कोणाला काही वेगळं वाटलं नाही.

"गाडी थांबवा."

"पुढे पेट्रोलपंप आहे, तिथे आपण..."

"आपण नाही. तुम्ही. थांबवा."

त्याने थांबवली. ती थोरलीच्या पायांवरून खाली उतरली. शेजारून ट्रक गेले की ओली ओढणी अंगावर फडफडत होती. एका कानावर हात दाबून तिने फोन लावला. जीभ आजही जड होती, पण रागाने ती हलत होती.

"अगं, मला वाटलं तुम्ही दोघांनी विचार करूनच..." हेडसिस्टर चाचरल्या. "तुझी जागा दिली गं मी. नवी मुलगी आज सकाळी रुजूसुद्धा झाली. तिला कसं काढू?"

"तिला काढू नका. मला कुठेतरी घ्या."

"मोठ्यांच्या वॉर्डात आहे जागा. पण रात्रपाळ्या पडतील, आधीच सांगते."

"रात्रपाळ्या चालतील. सुट्टी संपली की येते. आणि सिस्टर, यापुढे माझ्याबद्दल फोन आला, तर आवाज माझा आहे का तेवढं बघा."

ती परत येऊन मध्ये बसली. नवऱ्याने सगळं ऐकलं होतं.

"रात्रपाळी म्हणजे... रात्री मुलांना कोण बघणार?"

"आपण," ती म्हणाली.

त्याने आरशात पाहिलं. तिने नजर हटवली नाही. त्याने गाडी चालू केली.

थोरलीचा चेहरा पडला होता. "म्हणजे दार तू नाहीच उघडणार?"

"रात्रपाळी असली की दुपारी मीच उघडेन. बाकीच्या दिवशी काकू."

"आणि ती पोरं? त्यांची सुईमावशी कोण?"

"नवी ताई आहे. शिकेल."

धाकटा तिच्या अंगावर कलंडून झोपला होता. त्याचा गुबगुबीत हात तिच्या मांडीवर पडला होता, वरून एकही शीर न दिसणारा. तिचा अंगठा आपसूक त्याच्या मनगटाजवळ फिरला, थोडा वर सरकला, थांबला. शीर सापडली होती. अंगठा तसाच ठेवून ती समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली. मग तिने तो हात उचलला आणि चादरीखाली नीट ठेवून दिला.