पेलण्याचा नेम

“आई, हात सुटतोय!” ठमी ओरडली आणि दोघी मायलेकी पलंगाच्या कडेवरून खाली आल्या.

ठमी जन्मापासून पायांनी अधू. आता आईपेक्षा डोकंभर उंच. तिला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवायचं काम आईचंच, आणि ते आपण कसं करतो याचा आईने कधी विचारही केला नव्हता. पण आई तापातून उठली आणि तिच्या हातांतलं बळच गेलं. काळजीपोटी भावजींनी, ठमीच्या काकांनी, मोबाईलवर माणसाला कसं उचलावं याचे व्हिडिओ धाडले. एक सांगे श्वास रोखा, दुसरा म्हणे सोडा. एक म्हणे पट्टा बांधा, दुसरा म्हणे पट्ट्यानेच कंबर जाते. लेकीच्या बगलेत हात घालून आई गुडघे, कंबर, श्वास यांची जुळवाजुळव करत राही आणि हात थिजत.

“वहिनी, महिनाअखेरीला येतो,” पडल्याचं कळताच भावजी फोनवर म्हणाले. “तुम्हाला उचलता आलं तर ठीक. नाहीतर अपंगांच्या संस्थेत ठमीसाठी जागा बोलून ठेवलीय. एखाद्या दिवशी दोघी पडून राहाल, कुणाला पत्ता लागायचा नाही.”

बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं.

आईने मोबाईल बंद केला. देवाला हात जोडले, न्हाणीघरातली बादली अर्धी भरली. उचलली, ठेवली. पुन्हा उचलली. दम लागला की थांबायचं, अंग हो म्हणालं की आणखी तांब्याभर पाणी ओतायचं. पूजेसारखाच नेम. कधी रडू फुटे, पण नेम चुकला नाही.

भावजी आले. आईने व्हिडिओतलं काही न आठवता लेकीला कवेत घेतलं, उचललं, खुर्चीत ठेवलं.

“वहिनी, पैलवान झालात की!” भावजींनी चष्मा काढून डोळे पुसले. “संस्थेला नाही म्हणून कळवतो.”

आई हसली नाही. तिच्या तळव्यांना लेकीच्या बरगड्या लागल्या होत्या.

ते गेल्यावर तिने हळूच विचारलं, “ताटातलं जातं कुठे गं?”

“खिडकीतल्या मांजराला.” ठमी खाली बघत राहिली. “म्हटलं, हलकी झाले तर तुला पेलवेन.”

“अगं, तुला जड करण्यातच जन्म गेला ना माझा!”

आईने ताट वाढून आणलं, घास केला. ठमीने ओठ घट्ट मिटून घेतले. आईचा हात भरून आला, पण तिने तो खाली घेतला नाही.